चार बोटं

"किती कमी पडता?" लवू धुरीनं गाडीवर बसूनच विचारलं.

मी गुडघे टेकून पुढच्या चाकांकडे बघितलं. डावीकडे उभा कातळ, उजवीकडे चिऱ्यांचा गडगा, आणि त्या दोघांच्या मधे आमच्या कंपनीनं ठरवलेलं भारतीय शेतीचं भवितव्य अडकून बसलेलं. मी टेप लावली.

"सात सेंटीमीटर."

"माणसाच्या भाषेत सांगा."

मी हात आडवा धरून बघितला. "चार बोटं."

"चार बोटां," लवू म्हणाला आणि वर जाणाऱ्या घाटीकडे बघत राहिला. पाऊण किलोमीटरचा चढ. त्याच्या शेवटी सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, आणि सड्यावर त्याची हापूसची एकसष्ट कलमं. दहा दिवसांत एकदा तरी ही गाडी वर पोचायलाच हवी, असं त्यानं सकाळपासून मला चार वेळा बजावलं होतं. मला वाटलं, या माणसाची तंत्रज्ञानावर केवढी श्रद्धा आहे.

याला आता दहा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत 'ग्रामीण उपयुक्तता अधिकारी' होतो. शिक्षण समाजशास्त्रात एम.ए. ज्याचा स्वतःचा कुठे उपयोग होत नाही त्याला दुसऱ्याची उपयुक्तता शोधायला पाठवावं, असा कंपनीचा विचार असावा. गाडी चार जाड टायरांची होती. मोटारसायकलसारखं हँडल, मागे-पुढे लोखंडी जाळीचे कॅरियर, आणि पोटात पेट्रोलऐवजी बॅटरी. कंपनी तिला क्वाड बाइक म्हणायची. देवगडच्या आतल्या बाजूच्या या धुरीवाडीत तिला पहिल्या तासाभरातच 'कुर्ली' हे नाव पडलं. कुर्ली म्हणजे खेकडा. बसकी, रुंद, आणि बिळात शिरताना आडवी येणारी. आमच्या जाहिरात खात्याला तीन महिन्यांत इतकं चपखल नाव सुचलं नव्हतं.

माझ्याकडे चौदा पानांचा फॉर्म होता. दहा दिवस गाडी शेतकऱ्याकडे ठेवायची, वापर बघायचा, फॉर्म भरायचा. शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता: 'सदर वाहन शेती व ग्रामीण वापरासाठी व्यवहार्य आहे काय? होय / नाही.' त्याखाली सुचवण्यांसाठी दोन ओळी. समाजशास्त्राच्या माणसाला दोन ओळी म्हणजे चेष्टाच.

"दुसरी वाट?" मी विचारलं.

"पाठीमागसून डांबरी रस्तो हा. फुडे कातळार दुसरी गाडी चडणा नाय, ही चडली असती. पण तुमच्या कागदार काय लिवलेला हा? गाडयेक नंबर नाय, म्हणान रस्त्यार न्हेवची नाय. मी सही केलंय." लवू सही केलेल्या गोष्टी पाळणारा माणूस होता. मला हा स्वभाव शेतीसाठी व्यवहार्य वाटला नाही.

"मग हा गडगा चार बोटं सरकवू."

त्याच वेळी गडग्यामागून एक डोकं वर आलं. मी दचकलो, कारण ते लवूचंच डोकं होतं. तेच कपाळ, तेच कान, तीच तीन दिवसांची पांढरी दाढी.

हा कुशा. दोघे जुळे. आयुष्याचे पहिले नऊ महिने दोघांनी एका खोलीत काढले होते, तेही विनातक्रार. पुढे चोपन्न वर्षं एका घरात. मग हद्दीवरच्या फणसावरून बिनसलं, आणि तेव्हापासून चौदा वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. तो फणस वादळात पडून नऊ वर्षं झाली होती. भांडण मात्र अजून धरत होतं. कोकणात दोन जमिनींच्या मधे नुसते दगड रचून करतात त्या भिंतीला गडगा म्हणतात. तिची उंची कमरेएवढी असते आणि वय भांडणाएवढं. हा गडगा कुशाच्या बाजूचा होता.

"सायबानू," लवू समोर बघत म्हणाला, "तेका सांगा, चिरे चार बोटां आत घेवंदे. दहा दिवसांनी मी परत लावन देतंय."

कुशा माझ्यापासून तीन हातांवर उभा होता. मी त्याच्याकडे वळलो. "ते म्हणतात, चिरे चार बोटं —"

"आयकला," कुशा म्हणाला.

"मग मी कशाला —"

"तुमी सांगितल्याबिगर माका आयकाक येत नाय." तो गडग्यावर कोपर टेकून उभा राहिला. "तेका सांगा, गडगो आजयाने घातलेलो. मी हात लावक दिवचंय नाय."

अशा रीतीनं पुढचा अर्धा तास मी मराठीतून मराठीत दुभाष्याचं काम केलं.

"तेका सांगा, आंबे उतरवूचे असत."

"तेका सांगा, आंबे चाळीस वर्सां डोकीवरसून खाली इले. एक तरी आंबो म्हणालो काय, माका गाडी होयी म्हणान?"

"तेका सांगा, आता डोकी उरली खंय?"

"तेका सांगा, तेका पयल्यापासूनच नव्हती."

हे मी पोचवलं नाही. लवूला बहुधा ते पोचलं असावं, कारण त्यानं गाडी रिव्हर्समध्ये टाकली. गाडी जराही आवाज न करता मागे गेली. कुशा ते बघून प्रथमच थोडा गंभीर झाला.

"आवाज नाय ता यंत्र कसला?" तो मला म्हणाला. "ता मांजर."

*

लवूच्या घरी माझी राहायची सोय पडवीत होती. खळ्यात, म्हणजे शेणानं सारवलेल्या अंगणात, वेताच्या खुर्चीवर दिवसभर एक बाई बसलेली असे. समोर गवतावर आंबे. एकेक आंबा उचलायचा, देठाकडून बघायचा, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. या भागीरथीबाई, लवूची बायको. दोन पावसाळ्यांपूर्वी पडून त्यांचा खुबा मोडला होता. वॉकर धरून त्या खळ्याच्या कडेपर्यंत जायच्या, आणि तिथून वर सड्याकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहायच्या. मग परत.

"हो मास्तरणीचो," त्या आंबा वर धरून म्हणाल्या.

"कुणाचा?"

"अगदी म्होरल्या रांगेत ताठ उभी हा ती. मास्तरीण. ह्यो रडकेचो, हेका चीक भारी. ह्यो वाकडेचो." कलमांना त्यांनी नावं दिली होती आणि फळावरून त्या झाड ओळखत. ही कलमं लावली तेव्हा वर पाणी नव्हतं. चार उन्हाळे त्यांनी खालच्या विहिरीचं पाणी डोकीवरून वर नेलं, एकेका कलमाला दोन-दोन कळश्या. नाव भागीरथी, पण हिनं गंगा उलटी नेली होती.

संध्याकाळी लवू बागेतून उतरला. बाईंनी मान वर केली.

"काय म्हणतत कलमां?"

"काय म्हणतली? कलमां ती. उभी आसत."

बाईंनी तोंड फिरवलं आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. इतक्यात गडग्यापलीकडून, कुशाच्या घरातून, जळका वास आला. बाईंनी नाक वर केलं आणि मांजराला बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "गो मने, बांगडो करपता हा. गॅस बारीक कर."

मांजर हललं नाही. पण मिनिटभरात वास कमी झाला.

लवूनं हे ऐकलं नव्हतं. तो असं रोज ऐकत नसे. कुशानं लग्न केलं नव्हतं. चोपन्न वर्षांचा होईपर्यंत तो याच घरात, याच बाईंच्या हातचं जेवला होता. नवऱ्याशी ज्याचं बोलणं नाही त्याच्याशी बायकोनं बोलायचं नाही हे बाईंनी पाळलं होतं. मांजराबद्दल मात्र कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी गाडीची वायर स्वयंपाकघरातल्या प्लगला लावली, तशी घरातला दिवा अर्धा झाला.

"ही किती येळ जेवता?" बाईंनी विचारलं.

"सहा तास," मी म्हणालो.

"बाळंतीण काय ती?"

फॉर्मच्या पान तीनवर 'चार्जिंगबाबत ग्राहकाचे मत' असा रकाना होता. मी तेच लिहिलं.

*

गाडी वर जात नव्हती, म्हणून लवूनं चाचण्या खालीच सुरू केल्या. विहिरीमागे थोडी खडबडीत जागा होती, तिथे तो फेऱ्या मारायचा. मी अनेक शेतकरी बघितले होते. ते विचारायचे, किती ओढेल, किती पळेल, किती टिकेल. लवू वेगळंच विचारायचा.

"सगळ्यात हळू किती चलता?"

"हळू?"

"माणूस चलता त्याच्यापरास हळू."

मग त्यानं पितळी तांब्या काठोकाठ भरून मागच्या कॅरियरवर ठेवला आणि एक फेरी मारली. उतरला, तांब्यात बोट घालून बघितलं, मान हलवली. टायरमधली हवा थोडी काढली, पुन्हा तांब्या, पुन्हा फेरी. असं त्यानं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी तांब्यातलं पाणी बोटाच्या पेरापेक्षा जास्त सांडेना. 'हादरे' या सदरात कंपनीनं एक ते पाच गुण द्यायला सांगितले होते. मी 'तांब्या: एक पेर' असं लिहिलं.

"आता वजन," लवू म्हणाला. "आंब्याच्या पेट्या भरा. बेचाळीस किलो."

"कंपनी म्हणते, शंभर किलोपर्यंत चालतं."

"बेचाळीस."

"निदान पन्नास —"

"सायबानू, बेचाळीस म्हटलंय ना?" पेट्या भरून काट्यावर ठेवल्या. त्रेचाळीस भरलं. त्यानं चार आंबे काढले. मला वाटलं, हा माणूस एक तर फार मोठा शास्त्रज्ञ आहे, नाहीतर उन्हाचा परिणाम.

त्या दुपारी मी खळ्यात बसून फॉर्म भरत होतो. उकाडा मरणाचा. भागीरथीबाई एक्स-रेच्या मोठ्या पाकिटानं वारा घेत होत्या. पाकीट माझ्या नाकासमोरून जात होतं, येत होतं. त्यावर दवाखान्यातल्या कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं: भागीरथी ल. धुरी, वय ६४, वजन ४२ कि.

मी पेन खाली ठेवलं आणि विहिरीवर गेलो. लवू गाडी पुसत होता.

"ते बेचाळीस किलो —"

"गप," लवू म्हणाला. घराकडे बघितलं. "हळू बोला. आवाज जाता."

तो पुसत राहिला. पुसायला काही उरलं नव्हतं.

"रोज सांजचा इचारता, कलमां काय म्हणतत. माका सांगूक येत नाय ओ. मी 'बरी आसत' म्हटलंय की ती तोंड फिरयता. दोन वर्सां झाली. तिची ती. तिनीच पाणी घातल्यान. मी काय सांगू तेंच्याबद्दल तिका?" त्यानं फडकं पिळलं. "म्हटलंय, डोलीतून न्हेतो. चार माणसां उचलतीत. तर म्हणता, चौघांच्या खांद्यार एकदाच जावचा. दोनदा जावक मी काय पालखी?"

"आणि पाठीवरून?"

"माझो गुडघो बघल्यात?"

"मग कुशाला हे सांगा ना. मी सांगतो. चार बोटांचा प्रश्न आहे."

"नाय." लवू एकदम ताठ झाला. "तिचा नाव घेवन मी मागूचंय नाय. आंबे म्हणाचा. आंब्यांसाठी देता तर देवंदे. आणि तिकाय सांगू नका. वर जावक गावला नाय तर तिचो जीव पडतलो."

मी कबूल केलं. गाडी न्यायला टेंपो दहाव्या दिवशी यायचा होता. आज सहावा होता. आणि पाऊस लागला की घाटीवर शेवाळ. मग दिवाळीपर्यंत वर जायचं नाव नको.

सातव्या दिवशी भागीरथीबाई पडवीत गोधडीवर बसलेल्या दिसल्या.

"माझी खुर्ची खंय?" त्या विचारत होत्या.

"दुरुस्तीक," लवू म्हणाला.

"काय झालेला तिका?"

"पाय लांब होते."

खुर्ची विहिरीमागे होती. लवूनं तिचे चारही पाय कापून ती मागच्या कॅरियरला काथ्यानं आवळून बांधली होती. खुर्चीच्या हातांच्या मधून जुन्या पंच्याचा पट्टा. त्यानं तांब्या खुर्चीत ठेवला, पट्टा बांधला, आणि तो निघाला. तांब्या आपला ऐटीत बसून विहिरीभोवती फिरत होता.

मी गडग्याकडे बघितलं. गडग्यावर एक डोकं होतं.

*

आठव्या दिवशी दुपारी मी तिथून जात असताना हाक आली. "ओ बॅटरीवाले."

कुशा कोयत्यानं शहाळं तासत होता. ते त्यानं माझ्या हातात दिलं, म्हणजे मला थांबावं लागलं.

"ती खुर्ची कित्या बांधलेली हा?"

"आंब्यांसाठी," मी म्हणालो. "नाजूक असतात."

"आंब्यांक पाठ टेकूक लागता?"

"हापूस आहे."

त्यानं हे विचारात घेतलं. "पट्टोय बांधलेलो हा."

"पडू नयेत म्हणून."

"किती किलो आंबे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण वजन हे काही नाव नव्हे. "बेचाळीस."

कुशाचा कोयता थांबला. "इतके उतरले?" तो म्हणाला.

"काय?"

"आंबे." तो कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. "दोन वर्सांमागे पन्नास होते. माका ठावक हा. पडले तेवा घरात कोण नव्हता. आंब्यांचो मालक मार्केटाक गेल्लो. मी पाठीवर मारलंय आणि रस्त्यापर्यंत न्हेलंय. रिक्षात घातलंय, शेजारची बाय वांगडा दिलंय, आणि मागे फिरलंय."

"आंबे?"

"आंबेच."

"लवूंना माहीत आहे हे?"

"आंबे बोलनत नाय." त्यानं कोयता खाली ठेवला. "वाटेत 'आई गो, आई गो' म्हणी होते. पण ता काय माका उद्देशून नव्हता."

मी शहाळं प्यायलो. दुसरं काय करणार? कुशा घाटीकडे, त्या अडलेल्या जागेकडे बघत होता. "ती वाट बाईच्या मापाची," तो म्हणाला. "डोकीवर हारो आणि कमरेर कळशी, इतक्या मापान आजयाने गडगो घातलो. गाडयेचा माप तेका काय ठावक?" मग एकदम विषय बदलल्यासारखं म्हणाला, "ह्या दिवसांत गुरां मोकळी सोडतत. मोकळ्या गुरांचा काय सांगूक येवचा नाय."

मी त्याच्या गोठ्याकडे बघितलं. त्यात एक स्कूटर उभी होती.

"तुमच्याकडे गुरं आहेत?"

"एक गाय हा."

"कुठेय?"

"तीच गावत नाय. म्हणान तर सांगतंय."

*

नवव्या दिवशी, उजाडता उजाडता, लवूनं मला गदागदा हलवून उठवलं. काही न बोलता घाटीकडे नेलं.

गडगा पडला होता. मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, वारा नसताना, अडलेल्या जागेपासून वळणापर्यंत वीसेक पावलं गडगा आपोआप पडला होता. पडताना चिरे पलीकडच्या बाजूला नीट रचले गेले होते. खाली मोठे, वर लहान, आणि तुटके वेगळे. आम्ही चार बोटं मागितली होती. पडला होता तो चांगला हातभर.

पलीकडे कुशा अबोलीला पाणी घालत होता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं.

"सायबानू," तो अबोलीकडे बघत म्हणाला, "तेका सांगा, गुरान पाडल्यान."

मी लवूकडे वळलो. लवू त्या रचलेल्या चिऱ्यांकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

"तेका सांगा," तो म्हणाला, आणि वाटेवरची एक कपची पायानं बाजूला केली. शेवटी म्हणाला, "तेका सांगा, गाय हुशार हा."

हे मी शब्दशः पोचवलं. कुशानं पाण्याचा डबा खाली ठेवला, खुंटीवरचं दावं काढलं आणि गाय शोधायला म्हणून निघून गेला.

आम्ही परत आलो तर भागीरथीबाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून पडवीत बसल्या होत्या. केसात अबोलीचा वळेसर. मांडीवर पितळी तांब्या, भरलेला.

लवू दारातच थांबला. "तुका कोणी सांगितला?"

"माझ्या खुर्चेचे पाय कापतलात आणि माका कळाचा नाय?" बाई म्हणाल्या. "दोन दिवस तांब्याक फिरवतास. आता माका फिरवा."

त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. लवूनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग गाडी निघाली. माणूस चालतो त्याच्यापेक्षा हळू. मी मागून चालत होतो. गडगा पडला होता तिथे लवूनं हँडल घट्ट धरलं. दोन्हीकडे जागा राहिली. चाकं अलगद पुढे गेली.

डिझेलची, पेट्रोलची असती तर मला काहीच ऐकू आलं नसतं. आमच्या पत्रकात गाडीचे अठरा फायदे छापले होते, त्यात हा नव्हता.

"हेका आवाज नाय," बाई म्हणाल्या.

"बॅटरी ती."

"बरा. नायतर तुमी काय बोलतास ता कळला नसता."

"मी खंय काय बोलतंय?"

"तांच आयकाक येता हा."

थोडा वेळ नुसती चाकाखाली पानं चुरडल्याचा आवाज. मग बाई म्हणाल्या, "चाळीस वर्सां ह्या वाटेन चडलंय, पण वाट काय बघूक गावली नाय. डोकीवर कळशी आसल्यार मान खंय फिरवतलंय? हय कुड्याचा झाड हा, माका ठावकच नाय." त्या मान फिरवून डावीकडे बघायच्या, मग उजवीकडे. बघून झालं तरी परत बघायच्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "वायच थांबा." वाटेच्या कडेला एक जुना, कुजलेला खुंट होता.

"ह्यो फणस?"

लवूनं मान हलवली.

"चवदा वर्सां," बाई म्हणाल्या. "आणि ह्यो बरकोच होतो. कोण खाय नव्हता. चला."

मी मागून पट्ट्याला हात लावत, न लावत, असे आम्ही वर आलो. सडा एकदम उघडतो. समोर कलमांच्या रांगा, आणि पहिल्या रांगेत, अगदी ताठ, एक कलम. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. लवूनं गाडी तिच्याजवळ नेली. बाईंनी हात लांब करून खोडावर ठेवला. काही बोलल्या नाहीत. दोन वर्षांच्या चौकशीनंतर मला वाटलं होतं, पुष्कळ बोलतील. लवू गाडीचा आरसा पुसत होता.

"मास्तरीण जाड झाली," बाई अखेर म्हणाल्या. "आणि तुमी सांगलात, उभी हा."

"उभीच हा ना?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "उभीच हा."

तेव्हा मला तिसऱ्या रांगेत कलमाखाली बसलेला कुशा दिसला. हातात रिकामं दावं. आम्ही बघतोय हे बघून तो उठला आणि सगळीकडे गाय शोधू लागला. सडा सपाट होता. मैलभरात कुठे कोंबडीही लपली नसती. तो कपाळावर आडवा हात धरून क्षितिजापर्यंत बघत होता.

लवू माझ्याकडे वळला. "सायबानू, तेका सांगा —"

"तुमी गप ऱ्हवा," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली. मांजर खाली घरी होतं. "गाय गावली काय रे, कुशा?"

कुशाचा कपाळावरचा हात तसाच राहिला.

"गावली, वयनी," तो म्हणाला.

"मगे हय ये. सकाळधरना उन्हात बसलंस." त्यांनी मांडीवरचा तांब्या दोन्ही हातांनी पुढे केला. "पाणी घी. गूळ नाय हा. चढाक वजन होता म्हणान घेवक नाय."

तो आला. तांब्या घेतला, तोंड वर करून घटाघटा प्यायला, आणि अर्ध्यात थांबला. उरलेलं पाणी त्यानं लवूपुढे धरलं. लवूनं तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी कलमांची संख्या मोजत होतो. एकसष्ट भरली.

दहाव्या दिवशी टेंपो आला आणि कुर्ली गेली. पुढे कंपनीनं तो प्रकार बंद केला. मीही ती नोकरी सोडली. चौदा पानांचा माझा फॉर्म मुख्य कचेरीतून एकदा परत आला होता. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'शेवटच्या पानावरील उत्तर परस्परविरोधी आहे. खुलासा करावा.' मी पुन्हा वाचलं आणि आहे तसंच पाठवून दिलं. व्यवहार्य आहे काय, याच्यापुढे मी 'होय' वर खूण केली होती, आणि खालच्या दोन ओळींत लिहिलं होतं:

'गाडीची रुंदी वाटेपेक्षा चार बोटं जास्त आहे. कमी करू नये.'